ग्रिमशॉचे अकरा दाणे

कोल्डशॉच्या चढावर, बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मागे, पालिकेने भाजीपाल्यासाठी भाड्याने दिलेले आमचे जमिनीचे तुकडे आहेत. तिथे फाटकाशेजारी एक बाक आहे. बाक चांगला आहे, ओकच्या लाकडाचा. त्याच्या पाठीवर पितळी पाटी ठोकली आहे: ‘एनॉक ग्रिमशॉ. तेवीस वर्षे अध्यक्ष. या दरीत गोड मका प्रथम पिकवणारे.’

त्यातलं नाव खरं आहे. तेवीस वर्षंही खरी आहेत. तेवढी वर्षं तो मंडळाचा अध्यक्ष म्हणून आमच्या डोक्यावर बसला होता, आणि मी सेक्रेटरी असल्यामुळे त्यातली बरीचशी माझ्या डोक्यावर. शेवटची ओळ मात्र इतकी धडधडीत खोटी आहे की दर हिवाळ्यात पितळ हिरवं पडतं ते पावसाने नव्हे, शरमेने, असं माझं मत आहे.

ग्रिमशॉ नोकरीत होता तेव्हा वजनमापं तपासायचा. निरीक्षक. तो दुकानात शिरला की कसाई तराजूवरचा अंगठा काढायचा आणि दारूवाला ग्लास काठोकाठ भरायचा. ते काम त्याने चोख केलं, हे मान्य. पण निवृत्त झाल्यावर माणसाने मोजायची फीतही परत करायची असते, ती याने केली नाही. जाकिटाच्या खिशात ती कायम. घेवड्याची शेंग मोजायची, लीकच्या, म्हणजे जाड पातीच्या कांद्याच्या, दांड्याचा घेर मोजायचा, शेजाऱ्याची पायवाट अर्धा इंच जास्त रुंद आहे का ते ओणवं होऊन मोजायचं. त्याची बायको एडा समुद्रकाठी बहिणीकडे राहायला गेली, आठ दिवस हवा पालटायला म्हणून. मी सांगतोय त्या वर्षी त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली होती. हवा अजून पालटत होती.

त्याच्या पहिल्या नंबरच्या तुकड्यात सगळं रांगेत. दोरी ताणून, खुंट्या ठोकून, एका ओळीत एक. कोबी असे उभे की आता राष्ट्रगीत म्हणतील. लीक आणि कांदे ही त्याची खासियत. दरवर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी चॅपलमागच्या मैदानात आमचं प्रदर्शन भरतं, तिथे त्याचे कांदे पहिले यायचे. आणि उरलेलं वर्षभर तो ते नाकाने सोलायचा. दुसऱ्याच्या तुकड्यासमोर थांबायचं, ओठ मुडपायचे, ‘हं’ म्हणायचं आणि पुढे जायचं. त्या एका ‘हं’पायी थॉर्प नावाच्या भल्या माणसाने गाजर लावायचं सोडलं.

सहावा तुकडा क्वीनी एंटविसलचा. ही बाई एकतीस वर्षं मागांवर होती. त्या खडखडाटात कान अर्धे गेलेले, आवाज मोठा झालेला, आणि आमच्या सगळ्या विणकर बायकांसारखी ओठ वाचण्यात तरबेज. शंभर पावलांवरून कोण काय पुटपुटतोय ते ती सांगायची. नवरा हॅरी वारल्यावर ती रेल्वेच्या भिंतीला पाठ लावून बांधलेल्या घरांपैकी एका घरात राहायची. पुढे रस्ता, मागे भिंत, अंगण नाही, खिडकीतून दिसणार काय, तर समोरची खिडकी. सकाळी नऊला ती चढ चढून तुकड्यावर यायची आणि संध्याकाळच्या चहाला उतरायची. पावसात खोपटात बसायची. त्या तुकड्याशिवाय तिला जग नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं. ग्रिमशॉलाही होतं.

तिचा तुकडा दिसायला गबाळा, हे मीही नाकारत नाही. वाफे वाकडे, जुन्या गालिच्यांनी झाकलेली जमीन, ऱ्हुबार्बच्या, म्हणजे आंबट देठांच्या झाडाच्या, बुडाशी फुटकी किटली. पण त्या गबाळातून ती पोतीभर बटाटे काढायची आणि अर्ध्या गल्लीला वाटायची.

ज्या वर्षाचं मी सांगतोय त्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात ग्रिमशॉ पाहणीला निघाला. पुढे तो फीत घेऊन, मागे मी वही घेऊन. क्वीनी गुडघ्यांवर बसून रोपं लावत होती. रोपं तिने खिडकीच्या कट्ट्यावर, संडासातल्या कागदाच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळ्यांत वाढवली होती आणि नळीसकट जमिनीत खोचत होती. गालिचा काढलेल्या ऊबदार चौकोनात, चार-चारच्या चार ओळी, दाटीवाटीने, पावसात मेंढरं उभी राहतात तशी.

“हे काय आहे, मिसेस एंटविसल?”

“मका.”

“मका हे गुरांचं खाद्य आहे.”

“म्हून तर म्हनलं, तुमी कसं न्हाई आलासा अजून.”

मी वहीत तोंड घातलं. ग्रिमशॉचे कान लाल झाले. क्वीनीने मात्र डोकंही वर केलं नाही, माती दाबत म्हणाली, “गोड मका हाय. लढाईत मला सरकारनं दक्षिणेला शेतावर धाडलं व्हतं. शेजारी कॅनडावाल्यांची छावनी. त्यांचा आचारी लावायचा. त्यानं शिकवलं. चाळीस वर्सं झाली, म्हनलं मरायच्या आधी येकदा खाऊन बघू.”

“ही दक्षिण नाही,” ग्रिमशॉ म्हणाला. “ही जागा समुद्रसपाटीपासून आठशे पन्नास फूट उंच आहे. इथे जुलैत लोकरी बनियन घालावं लागतं. इथे मका पिकलेला नाही आणि पिकणार नाही. आणि हा असा घोळका? ओळ कुठे आहे?”

“वळीत लावायचा नसतो त्यो.”

“सगळं ओळीत लावायचं असतं.”

मग त्याने नियम सात काढला. तुकड्यावर योग्य पीक नसेल तर तुकडा काढून घेता येतो. नियम बाभळीच्या काट्यासारखा, कुणाला कुठे टोचवायचा ते लावणाऱ्याच्या हातात. तुकड्यासाठी एकोणीस माणसं रांगेत आहेत, तो म्हणाला, आणि इथे बाई गुरांचा चारा लावून बसल्या आहेत. शेवटी म्हणाला, “मी न्यायी माणूस आहे. सप्टेंबरच्या प्रदर्शनात दोन पिकलेली कणसं मांडा. मांडलीत तर तुकडा तुमचा. नाहीतर सोमवारी किल्ली सेक्रेटरीकडे. लिहून घ्या, विल्फ.”

आणि मी लिहून घेतलं. घरी जाऊन टाइप केलं, सही केली, तिच्या दारातून आत सरकवलं. ग्रिमशॉची टिंगल करायला बसलोय खरा, पण त्या कागदावर खाली सही माझी होती. मी सव्वीस वर्षं बसचा कंडक्टर होतो; ज्याने घंटी वाजवली त्याच्यासाठी बस थांबवायची एवढंच शिकलो.

दुसऱ्या दिवशी क्वीनी भेटली. मला वाटलं, शिव्या देईल. ती म्हणाली, “विल्फ्या, ‘पिकलेली’मदी वेलांटी चुकलीय तुजी.” आणि पाणी घालायला गेली.

इथपर्यंत ग्रिमशॉ नुसता खडूस होता. खडूस माणसं प्रत्येक मंडळात असतात, त्यांच्यावाचून सभा भरत नाहीत. पण त्याने पुढे जे केलं त्याला वेगळीच अक्कल लागते.

मका पिकत नाही हे सिद्ध करायला त्याने स्वतः मका लावला.

“माझ्या हाताने नाही आला, तर कुणाच्याच हाताने येत नाही हे ठरलं,” तो मला म्हणाला. म्हणजे हरायला उतरला होता. पण ग्रिमशॉला हरता कुठे येत होतं? कुठल्याशा दुकानातून त्याने हातभर उंचीची तयार रोपं आणली. पहिल्या तुकड्यात दोरी ताणली. बरोबर चोवीस रोपं, एका ओळीत, दोहोंत अठरा इंच. मेंढीच्या लेंड्या गोणपाटात बांधून पिंपात भिजवायच्या आणि तो काढा घालायचा, ही त्याची कांद्यांची विद्या होती. ती मक्याला चालवली. जुलै संपेतो त्याची रोपं त्याच्या टोपीच्या वर गेली. क्वीनीची अजून तिच्या कमरेला.

मग काय, बेट्याचा सूर बदलला. पिकत नाही, पिकत नाही म्हणणारा आता ओळीच्या टोकाला उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारू लागला. “थॉर्प, बघा. याला म्हणतात खोड. हाताचं काम आहे. घोळक्यात फेकून दिलं की मका होत नसतो.” आता त्याला दोन्ही हवं होतं: मका पिकत नाही हेही, आणि आपण पिकवला हेही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या मक्याच्या शेंड्यांतून तुरे डोकावले.

आमच्याकडे बक्षिसासाठी लावणारे जे लोक आहेत त्यांचा एक धर्म आहे. कांद्याला फुलाचा दांडा आला, मोडा. लीकला आला, मोडा. ऱ्हुबार्बला आला, बुडातून उपटा. फुलोरा म्हणजे चोर. खालची सगळी ताकद वर ओढून नेतो आणि कांदा पोकळ राहतो. हे खरंच आहे. आईच्या दुधाबरोबर आमच्यात हे पाजलेलं असतं. ग्रिमशॉने चाळीस वर्षं फुलोरे मोडून बक्षिसं घेतली होती. तेव्हा त्या दिवशी तो स्टूल आणि कात्री घेऊन आला, आणि पहिल्या रोपाचा तुरा, कच्चा, पानांत गुंडाळलेलाच, कच्चकन कापून ढकलगाडीत टाकला.

मी शेजारी गाडी धरून उभा होतो. मलाही त्यात काही गैर वाटलं नाही. म्हटलं ना, दूध तेच.

तिसरा का चौथा तुरा पडला तेव्हा सहाव्या तुकड्यावरून आरोळी आली. “आवं ग्रिमशॉसाहेब! त्ये कापू नगासा!”

तो थांबला. क्वीनी गमबूट आपटत, धापा टाकत आली. “त्यो नर हाय,” ती म्हणाली. “वरचा तुरा त्यो नर, खालच्या कनसाला जे रेशमी क्यास फुटत्यात ती मादी. तुऱ्याची भुकटी केसांवर पडली तरच दाना. येक क्यास, येक दाना. तुरं छाटलंसा तर कनीस बोडकं ऱ्हाईल.”

मी माझ्या आयुष्यात त्या बाईइतका अडाणी सज्जनपणा पाहिला नाही. ज्या माणसाने तिचा तुकडा काढून घ्यायचं लिहून दिलंय, त्याचं पीक वाचवायला ती साठी उलटल्यावर चढावरून पळत आली. मी असतो तर खुर्ची टाकून, चहा घेऊन बघत बसलो असतो.

ग्रिमशॉ स्टुलावरून म्हणाला, “मिसेस एंटविसल, मी एकेचाळीस साली पहिला कप घेतला. तेव्हा तुम्ही काय करत होता?”

“दुसऱ्यांच्या शेतातलं शेन काडत व्हते.”

“तेच करा.” आणि कच्चकन पाचवा.

ती माझ्याकडे वळून, तोंड हलवून पण आवाज न काढता, मागावर बोलायच्या तसं काहीतरी बोलली. माझी आईही विणकर. मला तेवढं वाचता येतं. जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यात कात्री होती आणि ग्रिमशॉ होता.

चोवीसच्या चोवीस तुरे त्याने छाटले. मीच ते गाडीतून नेऊन खताच्या ढिगावर टाकले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

क्वीनीच्या मक्याला तुरे आले ते आठवड्याने. रोज सकाळी दव सुकलं की ती त्या चौकोनात शिरायची आणि एकेक ताट धरून हलवायची, झोपाळू पोराला शाळेसाठी हलवावं तशी. “ऊठ रे. कामाला लाग.” पिवळी भुकटी उडायची, केसांवर, पानांवर, तिच्या चष्म्यावर. वारा असला तर खालच्या तुकड्यांकडेही जायची. आमच्याकडे वारा पश्चिमेचा, बारा महिने. सहावा तुकडा पश्चिमेला आहे आणि पहिला पूर्वेला.

आणि मग ऑगस्ट बिघडला. आमच्याकडे ऑगस्ट बिघडणं ही काही बातमी नव्हे, पण तो फारच बिघडला. पंधरा दिवस सूर्य म्हणजे ढगामागचा एक डाग. चॅपलच्या सहलीला बायका कोट घालून गेल्या. महिन्याच्या शेवटी क्वीनीने मला हाक मारली. एका कणसाचं पान थोडं बाजूला करून तिने दाण्यात अंगठ्याचं नख खुपसलं. स्वच्छ पाणी आलं.

“दूध याया पायजे,” ती म्हणाली. “पानी म्हंजे कच्चं. बारा दिवस ऱ्हायलं, विल्फ्या.” एवढंच बोलली. पण नख जाकिटाला पुसून झाल्यावरही ती ते पुसतच राहिली. त्या दिवशी पहिल्यांदा मला दिसलं की तीही घाबरते.

गिरणीचं जुनं हापीस तेव्हा पाडत होते. मी तिथून खिडक्यांच्या सहा चौकटी, काचांसकट, दोन फेऱ्यांत ढकलगाडीवर चढवल्या. सेक्रेटरीने एका बाजूची मदत करावी की नाही, याबद्दल नियमात काही नाही. मी बघून घेतलं होतं. आम्ही त्या मक्याच्या भोवती उभ्या केल्या. क्वीनीने फटींत जुने पडदे, हॅरीचा ओव्हरकोट, एक टेबलक्लॉथ कोंबला. जे काही ऊन येईल ते आत राहील, वारा बाहेर राहील. दिसायला अगदी आग लागलेल्या घरातून बाहेर काढलेलं सामान. ग्रिमशॉ आला, बघितलं, ‘हं’ म्हणाला, आणि वहीत ‘अव्यवस्था’ लिहायला सांगितलं. मी लिहिलं. या वेळी वेलांटीकडे नीट लक्ष दिलं.

आठवडा गेला. नख: पाणी. नऊ दिवस झाले. नख: पाणी, जरा गढूळ. क्वीनी सकाळी आठलाच येऊ लागली. माझ्याशी फारसं बोलायची नाही. एकदा मी विचारलं, “न्हाई पिकलं तर काय करशील गं?” म्हणाली, “खिडकीत बसंन. समोरच्या घरातली मिसेस पिकप काय करती त्ये बगंन. ती माजं बघंल.” आणि किटलीतलं पाणी ओतून टाकलं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी सातला मी चढ चढून गेलो तर ती आधीच तिथे. तिने नख मारलं. मी वाकून बघितलं. दूध होतं. पातळ, आमच्या शाळेत द्यायचे तसलं पाणचट, पण दूध.

“दोन हायती,” ती म्हणाली. “सोळा झाडांत दोनच. दोनच पायजेत ना?”

तंबूत गर्दी होती, कारण बाहेर पाऊस. एका बाजूला बँडवाले ओले होऊन बसलेले, दुसऱ्या बाजूला पोर्क पायचा, म्हणजे डुकराचं मांस भरलेल्या कचोरीचा, आणि लोणच्यातल्या कांद्यांचा वास. परीक्षक बाहेरगावचा, ब्रॅमली नावाचा, गलेलठ्ठ, कुठल्याच बाजूचा नसलेला माणूस. मक्यासाठी आमच्याकडे वेगळा वर्ग नव्हता. ‘इतर भाज्या’मध्ये दोन बशा. मोठ्या प्रदर्शनांतला नियम असा की कणसाची पानं परीक्षकासमोरच एका बाजूने सोलायची, म्हणजे दाणे सुकत नाहीत.

ग्रिमशॉची बशी पाहून लोक थबकत होते. दोन कणसं, सव्वानऊ इंची, हिरवीगार, पानं अशी घट्ट की जणू इस्त्री केलेली. खाली काळी मखमल. शेजारी क्वीनीची दोन, आखूड, एकाचं शेपूट वाकडं, कागदी बशीवर. ग्रिमशॉ ब्रॅमलीच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाला.

तंबूच्या पार दुसऱ्या टोकाहून क्वीनीचा आवाज आला. “बाई साधी हाय पन डोक्यानं जरा कमी, आसं म्हनत्यात तुमास्नी. त्यांचं खरं मानू नगासा परीक्षकसाहेब, मी साधी न्हाई!”

तंबू हसला. ग्रिमशॉने बशी पुढे ओढली, बाह्या मागे सारल्या आणि पहिलं कणीस हातात घेऊन पान खाली ओढलं. मग दुसरं पान. मग तिसरं.

आत काही नव्हतं. म्हणजे होतं: पांढरा, लांबलचक, गुळगुळीत दांडा, म्हाताऱ्याच्या बोडक्या हिरडीसारखा. आणि त्या हिरडीवर इकडेतिकडे विखुरलेले, पिवळे, टपोरे दात. ब्रॅमलीने चष्मा लावून मोजले. सात. दुसरं कणीस सोललं. त्यावर चार.

बँडमधल्या कुणीतरी तुतारीतून एकच छोटा, खाली घसरत जाणारा सूर काढला. मग तंबूचं जे झालं ते मी सांगत नाही. थॉर्प, ज्याने गाजर लावायचं सोडलं होतं, तो टेबलाला धरून खाली बसला.

एखाद्या माणसाने तिथे हसण्यावारी नेलं असतं. एखादा म्हणाला असता, बाई तुम्ही सांगत होता, मी ऐकलं नाही. ग्रिमशॉने कणीस बशीत ठेवलं, छाती पुढे काढली आणि म्हणाला, “पाहिलंत? मी जूनमध्येच म्हणालो होतो. या दरीत मका पिकत नाही. सिद्ध झालं.”

पडलो तरी नाक वर, हे ऐकून होतो. इतक्या जवळून बघितलं नव्हतं.

“ह्ये बी बगा की,” क्वीनी म्हणाली. गर्दीतून वाट काढत ती पुढे आली होती. तिने कणीस उचललं, पान ओढलं. ओळीवर ओळ, दाण्याला दाणा लागून, फिकट पिवळे, फक्त शेंड्याकडे बोटभर मोकळं. वर न बघता तिने दुसरंही सोललं.

ग्रिमशॉची फीत बाहेर आली. “पावणेसहा इंच. शेंडा भरलेला नाही. कागदात ‘पिकलेली’ असं लिहिलंय. ही पिकलेली नाहीत. विल्फ, कागद दाखवा.”

मी कागद काढला. खिशात होताच. वाचला मात्र नाही. म्हणालो, “अध्यक्षसाहेब, पिकलंय का कच्चं हाय ते परीक्षक ठरवतील. त्यासाठीच बोलावलंय त्यांना.” तेवीस वर्षांत मी त्याच्यासमोर बोललेलं हे एकमेव वाक्य असावं ज्याच्या शेवटी ‘बरं साहेब’ नव्हतं.

ब्रॅमलीने नख मारलं. दूध. मग त्याने ते कणीस तसंच, कच्चं, तोंडात घातलं आणि एका ओळीचे दाणे कुरतडले. चावत राहिला. क्वीनी त्याच्या ओठांकडे बघत होती. कानांवर तिचा भरवसा नव्हता. तो आणखी एक ओळ खाऊन गेला. मग अर्धं कणीस. मग मला म्हणाला, “लोणी आहे का कुठे?”

तो कागद मी तिथेच, पोर्क पायच्या ताटाशेजारी फाडला. क्वीनी तंबूबाहेर पावसात जाऊन उभी राहिली, डोक्यावर टोपी न घेता. परत आली तेव्हा तोंड ओलं होतं, आणि पावसात उभी राहिल्यामुळे कुणाला काही विचारता आलं नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण ग्रिमशॉ अजून अकरा वर्षं जगणार होता.

हिवाळ्यात त्याने पालिकेच्या वाचनालयातून पुस्तकं आणली. मार्चच्या सभेत उठून त्याने आम्हाला अर्धा तास समजावून सांगितलं की मका वाऱ्याने फळतो, वरचा तुरा नर आणि खालचे केस मादी, आणि म्हणून तो चौकोनात लावायचा असतो. क्वीनी पहिल्या रांगेत बसून त्याच्या ओठांकडे टक लावून बघत होती. आणि शेवटी तो म्हणाला, “गेल्या वर्षी मिसेस एंटविसल यांची कणसं भरली ती माझ्या चोवीस रोपांच्या परागांमुळे. ते मी मुद्दाम वाऱ्यावर ठेवले होते.”

ते तुरे खताच्या ढिगावर होते. मी स्वतः टाकले होते. वारा तिच्याकडून त्याच्याकडे वाहतो. त्याच्या बोडक्या कणसांवर जे अकरा दाणे आले ते क्वीनीच्या मक्याचे, आले ते आपणहून, चार तुकडे ओलांडून, न बोलावता. आयजीच्या जिवावर बायजी उदार, हे आम्हाला ठाऊक होतं. पण इथे तर बायजी आयजीलाच उपकाराची पावती फाडत होती.

मी उठून हे सगळं सांगायला हवं होतं. मी वृत्तांत लिहीत होतो. लिहिलं: ‘अध्यक्षांचे माहितीपूर्ण भाषण झाले.’

पुढल्या वर्षापासून त्याने मका चौकोनात लावला. फितीने मापून, अगदी काटकोनात. चांगला यायचा. नवे लोक आले, त्यांना तो शिकवायचा. ताट कसं हलवायचं ते दाखवायचा. नव्यांना वाटणारच की हे त्याचंच. तो गेला तेव्हा इथल्या साप्ताहिकात छापून आलं, आणि मंडळाने बाक केला. पाटीचा मजकूर नव्या सेक्रेटरीने लिहिला. मला विचारलं नाही.

गेल्या सप्टेंबरात मी स्क्रू काढायचं हत्यार घेऊन फाटकापाशी गेलो. म्हटलं, आता तरी एक काम नीट करावं. क्वीनी बाकावर बसली होती. आता ती पंच्याहत्तरची आहे, चढ चढून आली की दहा मिनिटं तिथे टेकते. मांडीवर कागदात गुंडाळलेलं उकडलेलं कणीस, लोणी ओघळत होतं. ती कणीस तोडायच्या आधी स्टोव्हवर पाणी ठेवते. आचाऱ्याने तसंच शिकवलंय म्हणते.

“काय काडतोस?” तिने विचारलं.

“पाटी. खोटी हाय ती.”

“ठिव.”

“अगं, सगळी दुनिया त्याला...”

“ठिव म्हनते न्हवं. उबं ऱ्हाऊन ऱ्हाऊन पाय गेलं माजं.” तिने एक ओळ कुरतडली, चावली, गिळली. “जन्मात पैल्यांदा कामाला आलाय त्यो मानूस. टेकाया बराय.”

मी तिच्याशेजारी बसलो. तिने अर्धं कणीस मला मोडून दिलं. खाऊन झाल्यावर तिने रिकामा दांडा लांब झुडपात फेकला, आणि पुसायला फडकं शोधलं. ते नव्हतं. तेव्हा मागे वळून तिने लोण्याची बोटं, एकेक करून, ग्रिमशॉच्या पाटीला पुसली. पितळ चांगलं चकाकलं.